सदूमामाची एसटी

सदूमामा,

आधी गाडीचं सांगतो. तू असतास तर तेच आधी विचारलं असतंस. गाडी बरी आहे. सलूनच्या दारात लावून गेला होतास, तिथून मी आणली. चावी तुझ्या खिशात होती, ती मामीनं काढून दिली. पुढच्या चाकात हवा नेहमीसारखी कमी आहे. मी भरलेली नाय.

तू कसा गेलास हे लोकांना सांगताना माझी पंचाईत होते. माणूस आयुष्यभर खडीवर, मातीवर, शेणावर, वाळत घातलेल्या पेंढ्यावर ती शंभर सीसीची, गुळगुळीत टायरांची रोडची गाडी नाचवतो, आणि जातो कुठं, तर सलूनच्या खुर्चीत. गळ्यात टॉवेल, अर्धी दाढी झालेली. सलूनवाला बंड्या नंतर घरी आला आणि उरलेली अर्धी करून गेला. आणि खरं सांगतो मामा, तेव्हासुद्धा माझ्या ओठावर तुझा आवाज आला होता. "बंड्या, कल्ले समान ठेव रं." मी दात आवळून धरले म्हणून राहिला आत.

माझी ही खोड तुला सगळ्यात जास्त माहीत. शाळेत मी खिडकीमागून हेडसरांच्या आवाजात "आज सुट्टी" असं ओरडलो होतो आणि दोन वर्ग घरी गेले होते. आई मारायला धावली, तर तू मध्ये पडलास आणि म्हणालास, "थांब गो, आधी मला ऐकू दे कसं ओरडला ते." ऐकलंस, पोट धरून हसलास, आणि मग तूच मारलंस.

गाडी पण तूच शिकवलीस. आणि ती पण डांबरावर नाय. म्हणालास, "डांबरावर काय, म्हैस पण चालवंल." डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की तू तसाच यायचास, कंपनीचे बूट पायात, आणि मला खाडीच्या बांधावर घेऊन जायचास. तिथं माती, मातीवर खडे, दोन्ही बाजूला पाणी. तुझं शिकवणं म्हणजे शिव्या आणि मध्ये मध्ये ज्ञान. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाय. हँडल सैल धरायचं, "पाहुण्याचं पोर धरतो तसं, पडू द्यायचं नाय आणि आवळायचं पण नाय." ट्रॅक्टरच्या चाकानं दाबून ठेवलेली चाकोरी सोडायची नाय, मधल्या उंचवट्यावर सुटी खडी असते. चाक घसरायला लागलं की घाबरून अ‍ॅक्सिलेटर सोडायचा नाय. आणि कच्चा रस्ता लागायच्या आधी थांबून काडेपेटीतली काडी टायरच्या वॉल्वमध्ये दाबायची, थोडी हवा सोडायची. फुस्स झालं की तू डोळे मिटून ऐकायचास, डॉक्टर छाती तपासतो तसा. परत डांबर लागलं की मला हातपंप मारायला लावायचास.

आपलं भांडण तिथूनच. मी मोबाईलवर बघितलेल्या गाड्या तुला दाखवायचो, उंच, जाड दाताळ टायरवाल्या, डोंगरात चालणाऱ्या. "मामा, ही घे. ही खास कच्च्या रस्त्यासाठी असते."

"आणि कच्च्या रस्त्यापर्यंत जायला डांबर लागतं, तिथं काय तू ढकलणार?"

"अरे पण ह्या टायरनं घसरते ना आपली."

"घसरते म्हणून तर चालवणारा जागा राहतो."

हे भांडण मिटलं नाय. मी अजून म्हणतो दाताळ टायर पाहिजेत. आता बोल.

पण हे सगळं मी भलतीकडं नेतोय. लिहायचंय ते दुसरंच आहे. ते गेली सहा वर्षं लिहायचं, बोलायचं राहिलंय. लांबण लावणं मला बरं जमतं, तूच म्हणायचास.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तू कंपनीतून रजा टाकायचास, ते भाऊंसाठी. भाऊंच्या कारखान्यातल्या शाडूच्या मूर्ती. जिथं टेम्पो जात नाय त्या वाड्यांवरचे गणपती सदूच्या गाडीवर, हे पेणमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ कुणावर विश्वास टाकणारे नव्हते. डोळ्यांची आखणी करताना स्वतःच्या बायकोला पण बोलू द्यायचे नाय. पण आखणी वाळली की मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून तुझ्याकडंच बघायचे आणि नाकातून म्हणायचे, "सदू, जपून." बास. तेवढंच. तुझी छाती एवढी व्हायची.

आणि मागं बसायचो मी. मांडीवर पाट, पाटावर गणपती, पाटाखाली दोन्ही हात. खड्ड्याचा दणका आपल्या ढुंगणानं खायचा, पाटापर्यंत पोचू द्यायचा नाय. आठ वर्षं तू मूर्ती नेल्यास, त्यातली शेवटची दोन मी मागं होतो. एका गणपतीचं नखसुद्धा तुटलं नव्हतं.

त्या वर्षी शेवटची मूर्ती वरच्या वाडीच्या जानूबाबांची होती. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. उघडीप होती. खांब गावापर्यंत हायवेनं आलो, तिथून आत वळलो. थांबलास, काडी काढलीस, फुस्स. पुढं बघतो तर रस्त्यावर नवी खडी टाकलेली. रोलर अजून यायचा होता. मधून एका डंपरची चाकोरी दाबली गेली होती, तेवढीच वाट. दोन्ही बाजूला खडीचे ढीग.

तू रंगात होतास. म्हणालास, "बघ आता. खडीवर माणसाचं सगळं लक्ष हँडलात पाहिजे. माझ्या मागं वाघ ओरडला ना, तरी माझा हात हलायचा नाय."

तू असं बोलायला नको होतंस रे. माझ्यासारख्याला ऐकू जाईल असं तर अजिबात नको होतंस.

वाघ मला येत नव्हता. एसटी येत होती. पेणच्या स्टँडवर कॉलेजची दोन वर्षं उभा राहून मी ती शिकलो होतो. आधी घशातून इंजिनची घरघर, मग उताराला लागल्यावर ब्रेकची शिट्टी, आणि मग तो हॉर्न, ड्रायव्हर वैतागून दाबतो तसा लांबलचक. हात पाटाखाली अडकलेले, म्हणून नुसत्या ओठांनी. तुझ्या कानामागं, वीतभरावर.

तुझा एक नियम मी विसरलो होतो. तूच बांधावर शिकवलेला. "एसटी मागं आली की डावीकडं व्हायचं. विचार करायचा नाय. विचार करणारे सगळे दवाखान्यात हायत." पेण ते रोहा हजार वेळा गेलेला माणूस तू. तुझा हात हलला नाय मामा, तुझं अख्खं आयुष्य डावीकडं गेलं.

चाक ढिगात शिरलं, मऊ भातात बोट शिरावं तसं. गाडी आडवी. तुझा गुडघा खाली. मी गणपती पोटाशी धरून तसाच खडीवर बसलो, कोपर सोलून निघालं. मूर्ती उभीच होती माझ्या मांडीवर. मला वाटलं वाचली. मग दिसलं, उजवा हात नव्हता. आशीर्वादाचा.

तू लंगडत उठलास. आधी गुडघे टेकून खडीत तो हात शोधलास. सापडला. तळहातावर घेऊन त्याच्यावरची धूळ फुंकरीनं उडवलीस. आणि मग मागं वळून बघितलंस.

"कुठं गेली?"

"काय?"

"एसटी."

माझ्या तोंडात हसू तयार होतं मामा. देवाशपथ, मी सांगणारच होतो. पण तुझ्या तळहातावर तो एवढासा हात होता, आणि हसू कुठं गेलं ते मला अजून कळलेलं नाय. मी म्हणालो, "माहीत नाय."

एवढंच म्हणालो. त्या दोन शब्दांवर सहा वर्षं काढली.

जानूबाबांनी मूर्ती बघितली, तुझा गुडघा बघितला, आणि म्हणाले, "येतील उद्या. घाई आपल्याला, देवाला कुठं घाई हाय." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू दुसरी मूर्ती घेऊन निघालास. मला नेलं नाय. "ह्याचं कोपर दुखतंय," म्हणालास. मामीच्या जुन्या लुगड्यानं गणपती छातीला बांधलास, पोर बांधतात तसा, आणि एकटा गेलास, सुजलेल्या गुडघ्यानं, त्याच खडीवरून. मी ओट्यावर उभा होतो. तू वळणावर दिसेनासा झालास तरी तुझा आवाज येत होता, गणपतीशी बोलत होतास, "हां, आता जरा खड्डा हाय हां."

नंतर भाऊंकडं गेलो; आधी देव पोचू दे, मग बोलू, असं म्हणून त्यांनी ती दुसरी मूर्ती दिली होती. तू सरळ सांगितलंस, "मागून एसटी आली, साइड दिली."

भाऊंनी कुंचला पाण्यात बुडवला. "वरच्या वाडीच्या रस्त्याला?"

"व्हय."

"सदू, त्या रस्त्याला जन्मात एसटी गेली नाय."

"मी ऐकली भाऊ. इचारा ह्याला. हा मागंच बसला होता."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. भाऊ तर काय, मला त्यांचा आवाज यायचा, त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला माझाच आवाज यायचा नाय. मी म्हणालो, "माझं लक्ष मूर्तीकडं होतं."

भाऊ म्हणाले, "जिथं एसटी जात नाय तिथं ज्याला एसटी ऐकू येते, त्याच्या हातात मी माझे गणपती देणार नाय." रागावले नव्हते. हळूच म्हणाले. म्हणून जास्त लागलं तुला.

पुढचं पेणनं पूर्ण केलं. चहाच्या टपरीवर "सदूची एसटी आली का?" कंपनीत शिफ्टची बस उशिरा आली की, "सदूची एसटी बोलवा रे!" आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस तू, पण लोकांनी तुझ्या हातात बाटली देऊन टाकली. मामी माहेरी गेली तर तिच्या भावानं जेवताना विचारलं, "थोडी घेतो का गो तो?" त्या दिवशी मामी दुपारचीच परत आली, आणि पुढं दोन वर्षं माहेरी गेली नाय.

आणि तू? तू रोह्याच्या डेपोत गेलास! मला पण नेलंस. खिडकीतल्या माणसाला विचारलंस, "साहेब, चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीला एखादी जादा गाडी सोडली होती का? चुकून?" तो माणूस हसला. शेजारच्याला बोलावून त्याला पण सांगितलं. तू पण थोडा हसलास, त्यांना बरं वाटावं म्हणून. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालास, "कागदावर नसंल. सगळंच कुठं कागदावर असतं."

मी रस प्यायलो. बर्फ जास्त घातला होता. बघ, हे आठवतंय.

तेव्हापासून मूर्ती टेम्पोनं जायला लागल्या. टेम्पो खांबला थांबतो, वाडीची माणसं डोक्यावरून नेतात. दरवर्षी टेम्पो निघायच्या वेळी तुला नेमकं रस्त्यावर काहीतरी काम निघायचं. उभा राहायचास. कुणी रुमाल नीट टाकला नसला तर लांबूनच हात करून सांगायचास.

तरी आपण खडीवर जात राहिलो. मूर्ती नाय, काम नाय, नुसतेच. मी पुढं, तू मागं, तुझ्या शिव्या माझ्या मानेवर. मला दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि दर वेळी तू एवढ्या आनंदात असायचास की मी भाऊंची नक्कल करायचो आणि तू माझ्या पाठीवर डोकं टेकून हसायचास.

शेवटचं, तू जायच्या दोन आठवडे आधी. बांधावर. तू उकिडवा बसून वॉल्वमध्ये काडी घातली होतीस. मान वर न करता म्हणालास, "एक इचारू? खरं सांग हां. त्या दिवशी तू पण ऐकलंस ना?"

फुस्स चालू होतं. मी म्हणालो, "ऐकलं ना मामा."

हे खोटं नव्हतं. ऐकलंच होतं की. सगळ्यात जवळून मीच ऐकलं होतं. असली हुशारी माझ्याकडं खूप आहे.

तू काडी काढलीस. तुझा चेहरा असा झाला, सणाला घर सारवल्यावर दिसतं तसा. "मग बास," म्हणालास. "दोघं जण हाय आपण." आणि त्या दिवशी परत येताना गाडी तू चालवलीस, खूप दिवसांनी, आणि तेच ते जुनं कसलंतरी गुणगुणत होतास ज्याला चाल नाय.

ते ऐकत मी मागं बसलो होतो. मी तेव्हा सांगायला हवं होतं, की उलटं बरंच झालं? मी रोज वेगळं उत्तर देतो. एका दिवशी म्हणतो, मामा समाधानानं गेला. दुसऱ्या दिवशी म्हणतो, मामाला त्याच्याच भाच्यानं शेवटपर्यंत फसवलं. दोन्ही खरं आहे, म्हणून झोप लागत नाय.

तेरावं झालं. काल मामी म्हणाली, "जानूबाबांना कुणी कळवलं का नाय? चल, मला ने. मला ती जागा पण बघायची हाय." म्हणून आज तिला मागं घेऊन गेलो. खांबला वळलो, थांबलो, काडी काढली. मामी म्हणाली, "ह्यो पण तसाच!" आणि पदर डोळ्याला लावला. रस्ता अजून कच्चाच आहे. ती खडी मातीत बसली, वर दुसरी आली. मी चाकोरी सोडली नाय. पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाय. वळणावर मामीनं विचारलं, "हितंच का रं?" मी मान हलवली. तिथंच सांगणार होतो. नाय जमलं.

जानूबाबांचं अंगण रस्त्याला लागून. पाच-सहा माणसं जमली, दोघी बायका, एक पोर, जानूबाबांची शेळी. ते टोपी काढून बसले. म्हणाले, "छातीला देव बांधून आलावता. असा माणूस नाय." मग थोडं हसले, प्रेमानंच, "फक्त ती एसटी..." आणि सगळी हसली. मामी पण, मान खाली घालून.

आणि मी उभा राहून सांगितलं. सगळं. एसटी मी होतो म्हणून.

कुणी विश्वासच ठेवला नाय मामा! जानूबाबा म्हणाले, "पोरा, तू नकला करतोस, आमाला ठावं हाय. पण मेल्या माणसाचा बोल अंगावर घ्यायची नक्कल नको करू."

मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. त्यांना नाय चालणार कुणी कीव केलेली."

जन्मभर माझं खोटं सगळ्यांना खरं वाटलं, आणि एकदा खरं बोललो तर नक्कल झाली. निरोप घेऊन सगळी रस्त्यावर आली. मी मुद्दाम मागं राहिलो. सगळ्यांची पाठ माझ्याकडं होती.

घरघर. ब्रेकची शिट्टी. आणि हॉर्न, लांबलचक.

जानूबाबांनी शेळीची दोरी ओढली. एका बाईनं पोर काखेत उचललं. मामी पदर सावरून दोन पावलं डावीकडं झाली. सगळी वाडी डावीकडं झाली मामा, एकानं पण विचार केला नाय. आणि मग सगळ्यांनी मागं वळून बघितलं. रस्ता मोकळा. मी एकटा उभा.

कुणी हसलं नाय. जानूबाबा टोपी हातात घेऊन म्हणाले, "आणि आमी हसलो रं त्याला. इतकी वरसं."

मामी आली आणि माझ्या कानाखाली वाजवली. चांगली वाजवली. "सहा वरसं," म्हणाली. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "उद्या भाऊकडं चल. तिथं वाजव. कुंचला हातात नसंल तेवढं बघ." आणि थोड्या वेळानं, "मग माझ्या भावाकडं जायचं."

म्हणून उद्या जातोय. टपरीवर पण वाजवीन. जिथं जिथं तुला हसले तिथं सगळीकडं. एक तुझ्यासमोर तेवढं राहिलं. तिथं वाजवलं असतं तर तू पण कानाखाली दिली असतीस, आणि मग म्हणाला असतास, "परत कर बरं, आधी मला ऐकू दे."

येताना उतार होता, गाडी दुसऱ्या गिअरवर, हँडल सैल. त्या वळणावर मी चाकोरी सोडली आणि हळूच डावीकडं झालो, अगदी ढिगाच्या कडेनं. चाक जरा डुललं. अ‍ॅक्सिलेटर सोडला नाय.

मामीनं विचारलं, "काय रं, मागं कोण हाय?"

मी आरशात बघितलं. धूळ होती.

"साइड दिली," म्हणालो.